बालपणातील वंचना आणि अनेकपदरी 'स्व' : निवडक मराठी आत्मकथनांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीतील दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची चर्चा प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून झाली आहे. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) आणि किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या ग्रंथांनी गावगाडा, जातिव्यवस्था, भूक आणि अपमान यांचे जे वास्तव मांडले, त्याने मराठी वाचकाच्या अनुभवविश्वाला मोठा हादरा दिला. या वास्तवाचा आशय सांगताना समीक्षेने एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिलेले नाही. ही सर्व कथने मुळात बालपणाची कथने आहेत आणि त्यांतील 'मी' हा एकसंध नाही. तो दोन, तीन किंवा त्याहून अधिक ओळखींत विभागलेला आहे. बालपणी वाट्याला आलेली उपेक्षा व वंचना आणि पुढे घडलेली ही अनेकपदरी ओळख यांचा परस्परसंबंध कोणत्या स्वरूपाचा आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी 'बलुतं', 'अक्करमाशी', 'उचल्या' आणि 'कोल्हाट्याचं पोर' या चार आत्मकथनांचा प्रामुख्याने विचार केला आहे.

संकल्पनेची मर्यादा

बालपणातील उपेक्षा आणि व्यक्तिमत्त्वाचे विभाजन यांचा संबंध मानसशास्त्राने दीर्घकाळ अभ्यासला आहे. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाचे बालमनावर होणारे परिणाम मांडले. विनिकॉट यांनी १९६० मध्ये 'खरा स्व' आणि 'खोटा स्व' असा भेद केला. भोवतालाच्या मागण्या पुऱ्या करण्यासाठी मूल एक वरपांगी व्यक्तिमत्त्व धारण करते आणि त्याच्याआड खरा स्व दडवून ठेवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९८० मध्ये 'बहुव्यक्तित्व विकृती' हे स्वतंत्र निदान आले आणि १९९४ च्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून 'विच्छिन्न ओळख विकृती' असे करण्यात आले.

हे सिद्धान्त मराठी आत्मकथनांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, या सिद्धान्तांत उपेक्षेचा कर्ता बहुधा कुटुंबात, त्यातही आईच्या ठिकाणी शोधला जातो. मराठी आत्मकथनांत घर अनेकदा उपेक्षा करणारे नसून स्वतःच उपेक्षित असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मनोविकारातील विभाजनाचे प्रमुख लक्षण विस्मरण हे आहे. एका ओळखीला दुसरीची आठवण नसते. आत्मकथनांतील विभाजनाचे लक्षण नेमके उलट, म्हणजे अतिस्मरण हे आहे. येथे एक 'मी' दुसऱ्या 'मी'ला विसरू शकत नाही. तो त्याच्यावर पाळत ठेवतो, त्याला जाब विचारतो, त्याची लाज बाळगतो आणि त्या लाजेचीही लाज बाळगतो. त्यामुळे या ग्रंथांतील दुभंगाला रोग म्हणणे हा शास्त्रीय दृष्ट्या प्रमाद ठरेल आणि वाङ्मयीन दृष्ट्या अन्याय ठरेल.

या संदर्भात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ मध्ये मांडलेली 'दुहेरी जाणीव' ही कल्पना अधिक उपयुक्त वाटते. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेने पाहावे लागणे, ही ती जाणीव. तथापि अमेरिकेतील वर्णभेदाच्या अनुभवात नजरा प्रामुख्याने दोन आहेत. मराठी गावात त्या अनेक आहेत. पाटलाची, मास्तरांची, पोलिसांची, जातपंचायतीची आणि घरातील माणसांची अशी प्रत्येक नजर मुलाला वेगळे नाव देते.

दगडू आणि दया पवार

'बलुतं'ची रचनाच या प्रश्नाभोवती उभी आहे. शहरात नोकरी करणारा, लेखक म्हणून ओळखला जाणारा दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार यांच्या भेटीतून हे कथन उलगडते. सांगणारा दगडू आहे आणि ऐकणारा दया पवार आहे. वास्तवात दोघे एकच आहेत. पण ते एक होऊ शकत नाहीत, हीच ग्रंथाची मूळ अवस्था आहे.

'दगडू' या नावाला सांस्कृतिक इतिहास आहे. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवण्याची रीत अनेक जातींत होती. दुसरीकडे, शूद्राचे नाव जुगुप्सित असावे अशी आज्ञा मनुस्मृतीने दिली आहे. मायेपोटी दिलेले नाव आणि तुच्छतेपोटी लादलेले नाव अस्पृश्याच्या घरी एकाच शब्दात येऊन मिळतात. 'दगडू' या नावातील हे दुहेरीपण लक्षात घेतल्याशिवाय पुढील विभाजन समजत नाही. 'दया' हे नाव स्वीकारताना केवळ अपमान मागे टाकला जात नाही, तर अपमानाबरोबर मायाही मागे पडते.

येथे एक सूक्ष्म भेद करणे आवश्यक आहे. दगडूच्या बालपणी भूक आहे, वडिलांचे व्यसन आहे, मुंबईतील कावाखान्याची कोंदट वस्ती आहे आणि गावातील महारवाडा आहे. परंतु या वंचनेने एकटीने दया पवार निर्माण केलेला नाही. शाळा, संगमनेरचे वसतिगृह, पुस्तके आणि पुढे नोकरी यांनी दुसरा माणूस घडवला. दुसरे जग जोवर उघडत नाही, तोवर वंचित मुलाची ओळख बव्हंशी एकेरी असते. त्याला आपले दैन्य दिसते. पण त्याकडे पाहण्यासाठी वेगळी जागा नसते. वंचना ही विभाजनाची सामग्री पुरवते, विभाजन मात्र दोन जगांच्या उंबरठ्यावर घडते. म्हणूनच 'बलुतं'मधील अपराधी भाव केवळ भूतकाळाचा नाही. दगडूला मागे सोडून आल्याचा तो भाव आहे.

रचनेच्या दृष्टीने 'बलुतं'वर एक आक्षेप घेता येतो. कथनाचा मोठा भाग दगडूच्याच तोंडी असल्यामुळे दया पवार हा श्रोता फारसा बोलत नाही आणि संवादाची चौकट पातळ राहते. हा आक्षेप खरा आहे. तथापि तो ग्रंथाच्या अर्थाला बाधक नाही. ज्याला प्रतिष्ठित समाजाने नेहमी बोलते केले, त्या दया पवारला येथे गप्प बसून ऐकावे लागते आणि ज्याला कधी विचारले गेले नाही तो दगडू बोलतो. हा अधिकारबदल हेच या रचनेचे कार्य आहे.

'अक्करमाशी' : ओळखीचा प्रश्न

बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचा तोळा म्हणजे कसात उणा. 'अक्करमाशी' या शब्दात माणसाच्या जन्माला सोनाराच्या तराजूत घातले आहे. लिंबाळे यांच्या कथनातील नायकाची आई मसामाय महार, जन्मदाता पिता लिंगायत पाटील आणि आजी संतामाय हिच्या सोबतीने राहणारा, नातवावर माया करणारा दादा मुसलमान. एका मुलाच्या घडणीत तीन समाज आले आहेत; पण त्यांपैकी एकही समाज त्याला निःशंकपणे आपला म्हणत नाही. महारांतही तो पूर्ण महार नाही.

येथील विभाजन 'बलुतं'पेक्षा वेगळे आहे. दगडू आणि दया पवार यांच्यात काळाचे व शिक्षणाचे अंतर आहे. 'अक्करमाशी'तील अंतर जन्मापासूनचे आहे. त्यामुळे लिंबाळे यांची शैली संवादाची न होता प्रश्नांची होते. आपण कोण, आपली जात कोणती, आपला धर्म कोणता, हे प्रश्न ग्रंथात वारंवार येतात. सरळ कालक्रमाने जाणारे निवेदन या प्रश्नांनी पुनःपुन्हा तुटते. काही समीक्षकांना ही पुनरुक्ती शैलीचा दोष वाटू शकेल. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर समाजाने नाकारले आहे, तो प्रश्न एकदा विचारून संपत नाही, हे लक्षात घेता या पुनरुक्तीला आशयाचा आधार आहे.

भूक हा 'अक्करमाशी'तील दुसरा धागा आहे. शेणातून ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन त्यांची भाकरी करणारी संतामाय आणि शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांच्या उरलेल्या अन्नावर पोट भरणारी महारांची मुले ही या ग्रंथातील न विसरता येणारी चित्रे होत. सहलीहून परतलेल्या मुलाला आई रागावते ती त्याने उष्टे खाल्ले म्हणून नव्हे, तर थोडे घरी का आणले नाही म्हणून. बाल-उपेक्षेची कोणतीही पाश्चात्त्य व्याख्या या प्रसंगाला पुरी पडत नाही. आईचे शब्द कठोर आहेत. पण त्या कठोरतेचे उगमस्थान आईचे मन नाही, रिकामी टोपली आहे. माया आणि वंचना येथे एकाच हातून मिळतात. मुलाच्या मनात आईविषयी करुणा आणि संताप एकाच वेळी वस्तीला येतात आणि 'स्व'चा पहिला दुभंग तेथेच होतो.

'उचल्या' : हजेरीपटावरचे नाव

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे लातूर परिसरातील धनेगावच्या भूमीतून आलेले कथन आहे. या ग्रंथाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची कल्पना रूढ केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. कायदा गेला तरी पोलिसांच्या व्यवहारातील आणि गावाच्या मनातील नोंद गेली नाही. गायकवाड यांच्या कथनातील मूल जन्मापूर्वीच नोंदलेले आहे. समाज त्याची उपेक्षा करतो असे म्हणण्यापेक्षा समाज त्याच्याकडे नको तेवढे लक्ष देतो, असे म्हणणे योग्य होईल. अन्न, वस्त्र, औषध यांबाबत त्याच्याकडे दुर्लक्ष आणि चोरीच्या संशयाबाबत अखंड लक्ष, अशी ही विचित्र विषमता आहे.

'उचल्या'तील मुलापुढे दोन हजेरीपट येतात, एक ठाण्याचा आणि दुसरा शाळेचा. विशेष म्हणजे शाळेत जाणे हा जमातीच्या दृष्टीनेही अपराध ठरतो. वस्तीतील आजारपणाचा दोष मुलाच्या शाळेला दिला जातो. बाहेरचा समाज त्याला चोर मानतो आणि आतला समाज त्याला फुटीर मानतो. या कोंडीतून गायकवाड यांचा 'मी' पुढे कामगार चळवळीकडे व भटक्या-विमुक्तांच्या संघटनेकडे वळतो. व्यक्तिगत दुभंगाला सामूहिक 'आम्ही'मध्ये स्थान मिळते. नारायण सुर्वे यांच्या बाबतीतही असेच घडले. मुंबईत रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने नाव आणि घर दिले. ज्याला जन्मदात्यांचे नाव माहीत नव्हते, त्या कवीने कामगारवर्गालाच आपले गोत्र मानले. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या संग्रहाच्या शीर्षकातील 'मी' म्हणूनच एकट्याचा राहत नाही. मात्र दोहोंत फरक आहे. सुर्वे यांना जातीची नोंद मिळाली नव्हती, गायकवाड यांना तीच पहिली मिळाली होती.

'कोल्हाट्याचं पोर' : आईचे नाव

किशोर शांताबाई काळे (१९७०–२००७) यांचे आत्मकथन शैलीच्या दृष्टीने सर्वांत साधे आहे. त्यात दुहेरी निवेदक नाही, प्रश्नांची मालिकाही नाही. घटना क्रमाने येतात. परंतु कुटुंबांतर्गत उपेक्षेचे चित्रण येथे सर्वाधिक थेट आहे. तमाशात नाचणारी आई एका पुरुषाबरोबर निघून जाते, मूल आजोबांच्या घरी राहते, कामाला जुंपले जाते आणि मारही खाते. या कथनापुरते पाहिले तर मातृवियोगाचा सिद्धान्त लागू पडतो असे वाटते.

तथापि काळे यांनीच या निष्कर्षाला अडवणारी माहिती दिली आहे. कोल्हाटी कुटुंबात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर घरातील पुरुष जगतात. चिरा उतरवण्याच्या प्रथेत मुलीच्या देहाचा सौदा घरच्यांच्या संमतीने होतो. त्या बाईला विवाहाचा हक्क नाही आणि तिच्या मुलाला बापाचे नाव नाही. आईने एका पुरुषाच्या आश्रयाला जाणे हे मुलाच्या दृष्टीने टाकून जाणे असले, तरी तिच्या दृष्टीने तो फडातून सुटण्याचा एकमेव मार्ग होता. ग्रंथातील मुलगा आईवर रुसलेला आहे. ग्रंथ लिहिणारा वैद्यकीय शिक्षण घेतलेला तरुण तिची कैफियत जाणतो. हे दोन्ही 'मी' ग्रंथात शेजारी-शेजारी राहतात आणि लेखक त्यांपैकी एकालाही खोटे ठरवत नाही. या कथनाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणाइतकेच या प्रामाणिकपणात आहे.

वडिलांच्या नावाच्या जागी 'शांताबाई' हे नाव लिहिणे हा या ग्रंथातील सर्वांत बोलका निर्णय होय. ज्या आईच्या अनुपस्थितीने बालपण पोळले, तिचेच नाव लेखकाने आपल्या ओळखीच्या मध्यभागी ठेवले. लिंबाळे यांनी नाकारणाऱ्या पित्याचे आडनाव धारण केले. ते नाव त्यांच्या बाबतीत हक्काचा दावा आहे. काळे यांनी आईचे नाव धारण केले. तो त्यांच्या बाबतीत ऋणनिर्देश आहे आणि समाजावरील आरोपही आहे. पवार यांनी जुने नाव बदलले आणि ते ग्रंथात परत बोलावले. वंचित मुलाची ओळख नावापाशी येऊन अडते आणि प्रत्येक लेखक ही अडचण आपल्या परीने सोडवतो, असे या तुलनेतून दिसते.

नाव, प्रदेश आणि इतिहास

नावाचा हा प्रश्न मराठवाड्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. 'बलुतं' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर झालेल्या हिंसाचारात नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यातील दलित वस्त्या होरपळल्या. १९९४ मध्ये नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'कोल्हाट्याचं पोर' प्रकाशित झाले. या योगायोगाला कार्यकारणसंबंध मानण्याचे कारण नाही. परंतु एका नावासाठी सोळा वर्षे संघर्ष करावा लागलेल्या प्रदेशातील वाचकाला, नाव ही केवळ औपचारिक बाब नसते हे निराळे सांगावे लागत नाही. जुने नाव न पुसता नवे नाव त्याला जोडणे, हा जो तोडगा 'नामविस्तार' या शब्दात आहे, तोच या आत्मकथनांतील 'स्व'नेही स्वीकारलेला दिसतो.

हिमायतनगरसारख्या गावातही हे अनेकत्व परिचित आहे. वाढोणा हे गावाचे जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. पैनगंगेपलीकडे विदर्भ आणि दुसरीकडे तेलंगणा असलेल्या या पट्ट्यात मराठी, उर्दू, तेलुगू आणि बंजारा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. तांड्यावरून शाळेत येणारे मूल घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी बोलते. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या भागात जाणाऱ्या मराठवाड्यातील मुलांचे शालेय वर्ष दोन ठिकाणी तुटते. अशा प्रत्येक मुलाच्या बहुभाषिकतेचे कौतुक करणे सोपे आहे. त्यामागे निवड किती आणि नाइलाज किती, हे पाहणे अवघड आहे.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे. काळे यांनी १९९४ मध्ये एकट्याने केलेली कृती तीस वर्षांनी शासनाच्या नमुन्यात आली. मात्र नोंदीतील रकाना बदलल्याने त्या रकान्याकडे पाहणारी नजर आपोआप बदलत नाही.

अनेकत्व : जखम की सामर्थ्य?

ओळखीच्या अनेकत्वाचे अलीकडे पुष्कळ गुणगान होते. अमर्त्य सेन यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात माणसाला एकाच ओळखीत कोंडणे हिंसेला आमंत्रण देते, असे प्रतिपादन केले. हा विचार मोलाचा आहे. परंतु त्यात गृहीत धरलेला माणूस आपल्या अनेक ओळखींपैकी कोणती केव्हा पुढे करायची, हे ठरवू शकतो. अक्करमाशीला हा अधिकार नसतो. त्याच्या ओळखी इतरांनी ठरवलेल्या असतात आणि एकीचा आधार घ्यावा तर दुसरी तिला खोटे पाडते. लादलेले अनेकत्व आणि निवडलेले अनेकत्व यांतील हा भेद समीक्षेने पुसू नये.

दुसरा धोका असा की, ही आत्मकथने वाचताना वंचनेलाच सर्जनाचे श्रेय दिले जाते. दुःख भोगले म्हणून लेखक झाला, हे विधान ऐकायला सोपे असले तरी ते तर्कदृष्ट्या टिकत नाही. लिहिणारे मोजके आहेत. त्याच महारवाड्यात, त्याच तांड्यात, त्याच फडात वाढलेली असंख्य मुले लिहू शकली नाहीत आणि त्यांच्या दुभंगाचे काय झाले हे कोणत्याही ग्रंथात नाही. मुलींच्या बाबतीत हे मौन अधिक दाट आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) यांसारखे ग्रंथ हे मौन अंशतः तोडतात. परंतु तेथेही 'मी' पुष्कळदा 'आम्ही'च्या आडोशाने बोलतो. तेव्हा या लेखकांना घडवणारी गोष्ट वंचना नसून वंचनेतही मिळालेला एखादा आधार होय. संतामायची माया, वसतिगृहातील जागा, मुलाला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट, हे ते आधार होत. ते काढून घेतले तर उरते ती केवळ जखम.

निष्कर्ष

१. विवेचित आत्मकथनांतील अनेकपदरी 'स्व' हा मनोविकारातील विभाजनाहून भिन्न आहे. त्याचा आधार विस्मरण नसून स्मरण आहे.

२. या कथनांतील बाल-उपेक्षेचा कर्ता मुख्यतः कुटुंब नसून कुटुंबालाच वंचित ठेवणारी व्यवस्था आहे. आईवर दोष ठेवणारे वाचन ग्रंथातील पुराव्याशी विसंगत ठरते.

३. वंचना एकटी अनेक ओळखी निर्माण करत नाही. शिक्षणामुळे दुसरे जग उघडते आणि दोन जगांच्या सीमेवर 'स्व' विभागला जातो.

४. हे विभाजन प्रत्येक ग्रंथात वेगळे रूप घेते. ते 'बलुतं'मध्ये संवादाचे, 'अक्करमाशी'त प्रश्नाचे, 'उचल्या'त सामूहिकतेकडे जाणाऱ्या प्रवासाचे आणि 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये नामधारणेचे आहे. म्हणून या ग्रंथांना एकाच 'वेदनेच्या' साच्यात बसवणे अयोग्य होय.

५. महाविद्यालयीन अध्यापनात ही आत्मकथने बहुधा समाजदर्शनाच्या प्रश्नोत्तरांपुरती शिकवली जातात. वर्गात पहिल्या पिढीचे शिकणारे विद्यार्थी बसलेले असतात. त्यांच्यापैकी अनेकांजवळ घरचे एक आणि पटावरचे दुसरे नाव असते. अशा विद्यार्थ्याला दगडू आणि दया पवार यांपैकी एकाची निवड करायला न लावता दोघांनाही बोलू देणारे वाचन घडवणे, ही या साहित्याच्या अध्यापकाची वाङ्मयीन जबाबदारी आहे.